नमुना चांगला आला

माती तपासायच्या कामात मला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी जेवढी भांडणं केली त्यातली निम्मी शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीवरून केली. लोणखेड्याच्या रस्त्याला आमची प्रयोगशाळा आहे. नमुना कसा घ्यायचा ते आम्ही कागदावर चित्र काढून देतो. वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. अशी सात-आठ ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि शेवटी अर्धा किलो उरेल ती पिशवीत भरून आणायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याशेजारची तर मुळीच नको.

एवढं सांगूनही लोक नेमकी उकिरड्याशेजारचीच आणतात, कारण ती काळीभोर आणि भुसभुशीत असते. वर चाळणीने चाळून आणतात. एकाने तर नव्या कोऱ्या उशीच्या अभ्र्यात भरून, हळदकुंकू वाहून आणली होती. मुलगी दाखवायला आणावी तशी माती टेबलावर ठेवतात, आणि मी "ही परत न्या" म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. "पन मॅडम, चांगली आनी ना!" अहो, चांगली कोणी मागितली होती? हे मी इतक्या वेळा म्हटलंय की हल्ली आमचा शिपाईच माझ्या आधी म्हणून टाकतो. पाठीमागे मला लोक खडूस बाई म्हणतात हेही त्यानेच सांगितलं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी पहिल्या आठवड्यात माती घेऊन आलेल्यांत माझे वडीलही होते. माझं माहेर तापीकाठी, इथून अर्ध्या तासावर. आबांनी धोतराची नवी जोडी घातली होती आणि पिशवीत उकिरड्याशेजारची माती होती. वास आला तेव्हाच कळलं. मी चार लोकांसमोर ती परत केली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सात-आठ ठिकाणची खरी माती घेऊन आले आणि बाहेर बसलेल्यांना सांगू लागले, "मन्ही आंडेर शे. बापनी माती बी वापस करी तिनी." आंडेर म्हणजे मुलगी. तक्रार आणि कौतुक दोन्ही एकाच वाक्यात बसवायची त्यांची पद्धत होती.

काही वर्षांपूर्वी पेपरच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी वाचली. जपानचं एक यान, आत माणूस नसलेलं, करोडो किलोमीटर जाऊन एका लघुग्रहापाशी पोहोचलं होतं. तो लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगडधोंड्यांचा ढिगारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक किलोमीटरसुद्धा नाही. यान त्याच्यावर उतरून तिथली माती घेणार होतं आणि परत पृथ्वीवर आणून देणार होतं. आणि किती माती? चिमूटभर. ग्रॅमचा दहावा भाग मिळाला तरी गंगेत घोडं न्हालं. मला हसूच आलं. अर्ध्या किलोच्या खाली असली तर मी पिशवीची गाठसुद्धा सोडत नाही.

आई गेल्यापासून मी आबांना रोज संध्याकाळी सहाला फोन करते. म्हणजे करायचे. जेवण काय केलं, बीपीची गोळी घेतली का, केळीला पाणी सुरू आहे का, एवढ्यात आमचं बोलणं संपायचं. त्या दिवशी मी यानाची बातमी सांगितली.

"तठे मानूस नही, ढोर नही," आबा म्हणाले. "पेरनार काही नहीत, आनि माती तपासतस?"

जग कसं तयार झालं ते त्या मातीवरून कळतं, ती कोणी हात न लावलेली जुनी माती आहे, असं मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यासले सांग, उकिरडाजोडेनी आनू नका. नही ते तू वापस करशी."

त्या दिवसापासून ते यान आमच्या घरचंच झालं. फोन उचलला की माझ्याआधी त्यांचाच प्रश्न, "तुन्हं यान कोठलगून ऊनं?" म्हणजे कुठवर आलं. मी मोबाइलवर शोधून ठेवायचे. यानाने जवळून फोटो पाठवले तेव्हा उतरवणारेच चक्रावले. त्यांना वाटलं होतं कुठेतरी मऊ, सपाट माती असेल. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे दगड. उतरण्याचा दिवस पुढे ढकलला. मी भावाच्या मोबाइलवर फोटो पाठवला, आबांनी तो चष्मा लावून बघितला आणि निकाल दिला, "खडकाय वावर शे. घाई करू नका म्हना त्यासले."

त्या हिवाळ्यात फोनवर त्यांचा खोकला ऐकू यायला लागला. एक वाक्य बोलायचे, खोकायचे, दुसरं बोलायचे. मी हळद-दूध घ्या म्हणाले. थंडी वाढली तसा खोकला वाढला, तेव्हा भावाने त्यांना शहाद्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी लिहून दिल्या, थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. थुंकीची डबी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेली. रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. केळीची कापणी सुरू होती, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी होती, एक्स-रे राहून गेला. भावाने मला विचारलं होतं, करून घेऊ का म्हणून. मी म्हटलं, थुंकी स्वच्छ आहे, कापणी उरकून घ्या, मग बघू. हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

फेब्रुवारीत यान पहिल्यांदा उतरलं. उतरलं म्हणजे टेकलं आणि उडालं. त्याच्या पोटाखाली माणसाच्या हाताएवढी एक नळी होती. नळीचं तोंड जमिनीला लागलं की आतून एक बारीक गोळी सुटायची आणि उडालेली धूळ नळीतून वर यायची. तिथे वजन म्हणून काही नाहीच, त्यामुळे उडालेलं खाली पडायची घाई करत नाही. हे सगळं यानाने आपलं आपण केलं. इथून पाठवलेला निरोप तिथे पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा "थांब, दगड आहे" असं ओरडून उपयोग नसतो. यंत्रांपुढे बसलेल्या त्या माणसांचं काम आधीच संपलेलं असतं, पुढे नुसतं बघायचं असतं. आबांना हे फार पटलं. "पोर सासरले धाडावर असंच ऱ्हास," ते म्हणाले, आणि बराच वेळ खोकले.

एप्रिलमध्ये यानाने त्या ढिगाऱ्यावर तांब्याचा एक गोळा डागून खड्डा पाडला. दगड उडतील म्हणून स्वतः मागच्या बाजूला जाऊन लपलं. वरची माती हातात असताना खड्डा कशाला, असं आबांनी विचारलं, आणि मला माझ्या आवडीचा विषय मिळाला. वरच्या थरावर विसंबायचं नसतं आबा, तो उन्हाने बदललेला असतो. खरं काय आहे ते आत असतं, खणल्याशिवाय कळत नाही. चांगली दहा मिनिटं मी हे व्याख्यान दिलं. ते मधूनमधून हूं म्हणत होते आणि खोकत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

मे महिन्यात खोकल्यातून रक्त पडलं. मग एक्स-रे झाला. उजव्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग होता. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, सुरतला न्या.

सुरतच्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले, थुंकीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं आणि हिंदीत विचारलं, थुंकी दिली होती ती कशी होती? घट्ट होती का? खोकून छातीतून काढली होती का? मी आबांना समजावून सांगितलं, तसे ते खुर्चीत ताठ बसले. मला म्हणाले, "त्यासले सांग, एकदम साफ दिधी व्हती मी. तोंड धुईसन, चार चुया भरीसन. ती पोरना हातमा घान कशी देवानी?"

डबी घ्यायला तिथे वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. परक्या मुलीच्या हातात कफ कसा ठेवायचा, म्हणून आबांनी चार वेळा चूळ भरली, तोंड स्वच्छ केलं आणि पाण्यासारखी नितळ लाळ डबीत दिली. वरून डबी फडक्याने पुसून दिली. तीनशे पासष्ट दिवस मी लोकांना ज्या चुकीवरून झापते ती चूक माझ्या बापाने स्वतःच्या छातीच्या बाबतीत केली होती, आणि सहा महिने रोज फोनवर बोलूनही मी एकदासुद्धा विचारलं नव्हतं की आबा, नमुना कसा दिला? त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. त्याहून जास्त, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की लाळ दिली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि तो कागद बाजूला ठेवला.

मग सुई. पाठीतून लांब सुई घालून त्या गाठीचा तुकडा काढायचा होता. मोठ्या गोल मशीनमध्ये झोपवून, आतलं चित्र बघत बघत सुई पुढे सरकवतात. भाऊ आणि मी काचेबाहेर उभे होतो. आबा पालथे पडले होते, सदरा काढलेला, पाठ उघडी. त्यांची पाठ मी लहानपणी चोळून दिली होती, त्यानंतर बघितलीच नव्हती. इतकी कशी वाळली, हे मला त्या काचेतून दिसलं. आतून आवाज यायचा, सांस रोको, आणि आबा श्वास धरायचे. मीही धरायचे. माझ्या श्वासाचा कोणाला काय उपयोग होता देव जाणे.

आठ दिवसांनी कळवलं, नमुना पुरेसा नाही. सुईत आलेला तुकडा गाठीच्या कडेचा होता, त्यावरून काही सांगता येत नाही. परत सुई घालावी लागेल. या वेळी अजून आत. फुप्फुसाला भोक पडून हवा सुटण्याची भीती असते, तेवढी सही करून द्या.

भाऊ बिथरला. एकदा करून झालं, आता कशाला जिवाशी खेळ, असं त्याचं म्हणणं. मधल्या दिवसांत त्याने दोन वैद्य आणि एक बाबा शोधून ठेवले होते. निदान कळल्याशिवाय औषध कशाचं देणार, हे मी म्हणत होते. म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता, कारण माझ्या शब्दावर एक्स-रे राहिला होता. आबांना विचारायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वावर कोणाचं आणि भांडतंय कोण!

त्याच दिवसांत तिकडे यानाचंही हेच चाललं होतं. एक चिमूट त्याच्या डबीत सुरक्षित होती. तेवढ्यावर परत यायचं की खड्ड्यातली आतली माती घ्यायला पुन्हा उतरायचं? एखाद्या दगडाला धडक बसली तर हातचंही जायचं. ते लोक पुन्हा उतरायला तयार झाले. आबा तेव्हा माझ्याकडे लोणखेड्याला राहायला आले होते. जुलैतल्या एका सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही बाप-लेक चहा घेऊन माझ्या मोबाइलपुढे बसलो. पडद्यावर यान दिसतच नव्हतं. खोलीत बसलेली माणसं दिसत होती आणि एक आकडा कमी कमी होत होता. सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. आकडा एवढासा झाला, थांबला, आणि वाढायला लागला. म्हणजे टेकून वर निघालं होतं, आणि तेही पंधरा-वीस मिनिटांपूर्वीच. माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली.

आबांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरला होता. "त्यासना हातमा एक व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो आबा."

"तरी आखो उतरनं." त्यांनी चहा पिऊन बशी खाली ठेवली. "मंग मी बी जासू. भाऊले सांगी दे."

मला आनंद व्हायला हवा होता, कारण मला हवं तेच झालं होतं. पण झाला नाही. मशीनच्या गोष्टीवरून एक म्हातारा माणूस आपल्या फुप्फुसात सुई घालून घ्यायला तयार झाला होता, आणि ती गोष्ट त्याला वर्षभर मी सांगितली होती. मशीनला दुखत नाही आबा, असं म्हणणार होते. त्याऐवजी भावाला फोन लावला.

दुसरी सुई नीट पार पडली. हवा सुटली नाही. आबा बाहेर आले ते तोऱ्यातच, म्हणाले, "या टाइमले श्वास बराबर धरा मी."

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघे सुरतला गेलो. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, दोन पानं वाचली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "इस बार सैंपल अच्छा आया है. अब कोई डाउट नहीं है." खरं तर ते आम्हा बहीणभावाला सांगत होते. पण आबा मध्ये बसले होते. अच्छा आणि डाउट नहीं, एवढं हिंदी त्यांना येत होतं. त्यांनी दोन्ही हात जोडून डॉक्टरांना नमस्कार केला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि नर्सला बोलावून आबांना वजन करायला बाहेर पाठवलं.

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, दुसऱ्या बाजूला आणि यकृतात पसरला आहे, ऑपरेशनची वेळ गेली. सहा महिन्यांपूर्वी आला असता तर? हे मी विचारलं. डॉक्टर भले होते, म्हणाले, अब वो मत सोचो. भावाने किती दिवस म्हणून विचारलं. दिवाळी बघतील, डॉक्टर म्हणाले, संक्रांतीचं सांगता येत नाही. भाऊ टेबलाची कड धरून बसला होता. वैद्य आणि बाबाचं नाव त्याने काढलं नाही.

बाहेर आलो तर आबा बाकावर बसून फोनवर जोरजोरात बोलत होते. "सँपल चांगलं ऊनं! डॉक्टर सोता बोलनात, काही डाउट नही!" माझ्या आत्याला सांगून झालं, मग गावातल्या दोघांना, मग केळीच्या व्यापाऱ्याला. मी समोर जाऊन उभी राहिले. बोलणार होते. एकोणीस वर्षांत शेकडो लोकांच्या तोंडावर मी सांगितलं आहे की बाबा रे, नमुना चांगला असणं वेगळं आणि शेत चांगलं असणं वेगळं. नमुना चांगला म्हणजे आता जे निघालंय ते खरं निघालंय, एवढंच. हे वाक्य मला झोपेतही म्हणता येतं. आबांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय वं बाई?" मी म्हटलं, "काही नही. चला."

परतीच्या रस्त्याला खापर गावात चहासाठी थांबलो. भाऊ गाडीतून उतरलाच नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. आबांनी भजी मागवली. सहा महिन्यांत मी त्यांना एवढं खाताना बघितलं नव्हतं. खाता खाता म्हणाले, आता बरं वाटतंय, यंदा कांदेबाग लावायची. कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरात लावायची केळी. रोपं आत्ताच सांगून ठेवायला हवीत, नाहीतर ऐनवेळी मिळत नाहीत. नदीकडच्या तुकड्यात लावू, तिथली माती तू तपासली होतीस, चांगली निघाली होती.

"ऑक्टोबरमा लावी ते कापाले कव्हय येई?" त्यांनी विचारलं.

हे त्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षं केळी लावली त्या माणसाला मी काय सांगणार होते? पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, शिकलेल्या मुलीकडून. मी बोटांवर मोजायला लागले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. जानेवारीपाशी माझं बोट थांबलं. आबा बघत होते, म्हणून पुढे मोजलं.

"पुढल्या वर्षी, दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"मंग तव्हय आठ दिननी सुट्टी काढी ठेव. कापनीले तू कधी उभी ऱ्हायनी नहीस."

"काढी ठेवसू, आबा," मी म्हटलं, आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन भजी टाकली.